नंबर कधी लागते: रांगेत घडणाऱ्या रोड मूव्हीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीला माहेरी आले ती अजून इथेच आहे. सीतादही (वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा) झाली, पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला आणि ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्याच ढिगाला टेकून आज पटकथेचा तिसरा खर्डा पुरा केला. एक्केचाळीस पानं.

गोष्ट एवढीच: वीस वर्षांची पोरगी आजोबांना सोबत घेते, ट्रॉलीत कापूस भरते आणि हमीभावाच्या खरेदी केंद्राकडे ट्रॅक्टर काढते. सतरा किलोमीटरचा रस्ता पहिल्या सहा मिनिटांत संपतो. उरलेला सव्वा तास दोघं जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर रांगेत आहेत; खरेदी केंद्र तिथेच. तीन रात्रींत त्यांची ट्रॉली चारशे मीटर पुढे सरकते. पटकथेत दोघांना नावं नाहीत, पोरगी आणि म्हातारा. चित्रपटाचं नाव 'नंबर कधी लागते', कारण रांगेतला प्रत्येक माणूस दुसऱ्याला हेच विचारतो.

रोड मूव्ही मी खूप पाहिल्या आणि मनापासून पाहिल्या. घर सुटतं, गाडी सुसाट निघते, वाटेत अनोळखी माणसं भेटतात आणि शेवटी माणूस आतून बदलतो. कुठे पोचला ते महत्त्वाचं नसतं, प्रवास महत्त्वाचा. पण असा रस्ता आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात कुणाच्या वाट्याला आलेला मी पाहिलेला नाही. इथला माणूस रस्त्यावर येतो तो बहुतेक वेळा थांबायला. एसटीसाठी थांबतो, टोकनसाठी थांबतो, काट्यासाठी थांबतो. मला त्या थांबण्याची रोड मूव्ही करायची आहे.

शेवट सध्या असा: फाटक उघडतं, ट्रॉली आत जाते, पडदा काळा. पुढे काय झालं ते सांगायचं नाही.

१७ नोव्हेंबर

बजेट सहा लाख चाळीस हजार. त्यातले चार माझे, बाकी मित्रांचे. माणसं सात, त्यातल्या दोघांना स्वयंपाकही येतो.

वीस तारखेला मतदान, त्यामुळे नाक्यानाक्यावर भरारी पथकं. पन्नास हजारांच्या वर रोख जवळ असली तर कागद दाखवावे लागतात. कॅमेरा भाड्याने देणाऱ्याला रोख हवे होते. त्याला सांगितलं, खात्यावर घे नाहीतर निकालानंतर घे. तो खात्यावर तयार झाला, पण भाडं वाढवून.

२१ नोव्हेंबर

काल मतदान केलं आणि आज दादाच्या ट्रॅक्टरवर बसून पूर्ण रस्ता पाहिला.

गावातून निघालं की चौथ्या किलोमीटरला समृद्धी महामार्ग डोक्यावरून जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. वर कारला ताशी १२० ची मुभा. ट्रॅक्टरला, बैलगाडीला, मोटरसायकलला वर जाताच येत नाही. आमच्या माणसाचा त्या रस्त्याशी संबंध खालच्या बोगद्यापुरता. रोड मूव्हीला साजेसा रस्ता सगळ्या विदर्भात कुठला असेल तर हाच, आणि आमची गाडी त्याच्या खालून जाते.

बोगद्यात ट्रॅक्टरचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो, बाहेर पडलं की एकदम पातळ. वर तेव्हाच एखादी कार जाते, ती दिसत नाही, फक्त सांध्यावरून चाकं गेल्याचा 'धड्‌ धड्‌' ऐकू येतो. महामार्ग चित्रपटात दाखवायचाच नाही असं ठरवलं. ऐकू येऊ द्यायचा.

कॅमेरामनने डेव्हिड लिंचच्या १९९९ च्या 'द स्ट्रेट स्टोरी'ची आठवण काढली. त्यात एक म्हातारा गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवाहून विस्कॉन्सिनला आजारी भावाला भेटायला जातो. कॅमेरामनचं म्हणणं, हळू चालणारी रोड मूव्ही आधीच होऊन गेली. बरोबर आहे, पण तिथे यंत्र हळू आहे आणि रस्ता मोकळा. तो थांबतो तेव्हा स्वतःच्या मर्जीने थांबतो. आमच्या ट्रॅक्टरमध्ये जोर भरपूर आहे, पुढे जागा नाही. हे बोलल्यावर आम्हा दोघांनाही चित्रपट जास्त स्पष्ट दिसला.

२९ नोव्हेंबर

दिवसभर चाचण्या. आज हाताला लागलं ते लिहून ठेवते.

चालत्या ट्रॅक्टरवर कॅमेरा टिकत नाही. इंजिनाच्या थरथरीने चित्र जेलीसारखं हलतं. मडगार्डवर बसून घेतो, कॅमेरामन म्हणाला; मी नाही म्हटलं. मडगार्डवरून पडलेली माणसं या गावाने पाहिली आहेत. काचही नाही, त्यामुळे काचेतून समोरचा रस्ता आणि बाजूला बोलणारे चेहरे हा रोड मूव्हीचा ठरलेला शॉट इथे लागूच होत नाही.

दुसरं आवाजाचं. डिझेल इंजिन सुरू असताना छातीवरच्या माईकलाही संवाद धड मिळत नाही. डबिंगला पैसे नाहीत आणि मला ते नकोही आहे. म्हणजे बोलणं फक्त इंजिन बंद असताना. इतर रोड मूव्हीत गाडी धावते तेव्हा माणसं मन मोकळं करतात. आमच्याकडे रांग हलली की चाळीस ट्रॅक्टर एकदम सुरू होतात आणि सगळी माणसं गप्प होतात. वीस पावलं पुढे गेलं की चाव्या फिरतात, शांतता पसरते आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू होतं. हे मी कागदावर लिहिलं नव्हतं, ट्रॅक्टरने शिकवलं. उद्या सगळे संवाद या हिशोबाने तोडायचे.

तिसरं: जिनिंगच्या आवारातले दिवे कॅमेऱ्यात लुकलुकतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची. शटर १/५० वर नेलं की लुकलुक गेली.

८ डिसेंबर

तालीम. म्हाताऱ्याचं काम करणारे आबाजी आमच्या शेजारच्या वावराचे, वय बहात्तर. पोरगी आर्वीच्या कॉलेजात शिकते, घरचा ट्रॅक्टर चालवते, लायसन्स आहे.

मी लिहिलं होतं, 'आपला नंबर कधी लागेल?' आबाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तू पुन्यात किती वर्स होती वं?" सहा, म्हटलं. "म्हनून. आमी लागन म्हनतो नाईतर लागते म्हनतो. लागेल म्हनत नाई कोनी." मग शीर्षकात बरोबर लिहिलं आणि संवादात कसं चुकलं, याचा मी विचार करत बसले. रात्री सगळी पटकथा त्यांना वाचून दाखवली. अकरा ठिकाणी त्यांनी शब्द बदलला. चार ठिकाणी म्हणाले, इथं म्हातारा बोलनारच नाई. ती चारही वाक्यं काढली.

१५ डिसेंबर, रविवार

चित्रीकरण सुरू. रविवारी खरेदी बंद असते, पण शनिवारी ज्यांचा नंबर लागला नाही त्या ट्रॉल्या सोमवारसाठी तिथेच उभ्या राहतात. म्हणजे खरी रांग, खरी माणसं, आणि कुणाच्या कामात खोळंबा नाही. रांगेतल्या प्रत्येकाला आधी सांगितलं काय करतोय ते. दोघांनी नको म्हटलं, त्यांच्या ट्रॉल्या फ्रेममध्ये येऊ दिल्या नाहीत.

फाटकासमोर चहाची टपरी आहे. मावशी पहाटे चारला स्टोव्ह पेटवतात, तोही रस्त्यापलीकडे. सात हंगाम झाले त्यांना इथे. कोणती ट्रॉली कोणत्या गावची हे त्या ताडपत्रीच्या रंगावरून सांगतात.

रात्री एक घोळ लक्षात आला. गोष्टीतल्या तीन रात्री लागोपाठच्या आहेत, आम्ही त्या तीन रविवारी घेणार. आज पौर्णिमा. २९ ला अमावास्येच्या आदल्या दिवशीचा काळोख. चांदणं कुठून आणायचं? बराच वेळ डोकं लावून शेवटी ठरलं: आकाश दाखवायचंच नाही. कॅमेरा पोरीच्या खांद्यामागून, ८५ मिमीची लेन्स, आणि समोर फक्त पुढच्या ट्रॉलीचा मागचा फाळका. रेडियमच्या दोन पट्ट्या, गंजलेली साखळी, फटीतून बाहेर आलेला कापसाचा एक पुंजका. रोड मूव्हीत जिथे क्षितिज असतं तिथे हा फाळका. तीन रात्री पोरगी तोच पाहते. पहिला टेक मोठ्या मॉनिटरवर पाहिला तेव्हा कुणी काही बोललं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन एकटीच उभी राहिले.

२२ डिसेंबर

शेकोटीचा प्रसंग उडाला.

पटकथेत दुसऱ्या रात्री रांगेतली माणसं शेकोटीभोवती बसतात आणि म्हातारा पोरीला तिच्या बापाबद्दल सांगतो. आबाजींनी वाचताना काही म्हटलं नव्हतं. आज आम्ही काटक्या गोळा करायला लागलो तेव्हा त्यांनी हात धरला. "इथं इस्तो पेटवत नाई कोनी. चाळीस ट्रॉल्या कापूस हाय." बिडी ओढायचीसुद्धा लोक रस्त्यापलीकडे जाऊन ओढतात. जिनिंगच्या आवारात एक ठिणगी म्हणजे काय, हे इथल्या पोरासोरांना कळतं. कापसाच्या घरात वाढलेल्या मला ते लिहिताना कळलं नव्हतं. मी जाळाभोवतीचा प्रसंग चित्रपटांतून उचलला होता, गावातून नव्हे.

मग तोच प्रसंग थंडीत, जाळाशिवाय. दोघं ट्रॉलीवर चढतात, ताडपत्रीचा कोपरा उचलतात आणि कमरेपर्यंत कापसात शिरतात. झोपतात तशीच, सगळी रांग झोपते तशी. म्हातारा बापाबद्दल बोलतो, पण अंधारात, चेहरा न दिसता. मोबाइलचा उजेड फक्त पोरीच्या हनुवटीवर. आबाजींनी हे एकाच टेकमध्ये केलं. 'कट' म्हणायला मला उशीर झाला आणि त्या उशिरात त्यांनी कापूस ओढून पोरीच्या खांद्यावर घातला. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

२४ डिसेंबर

काल श्याम बेनेगल गेले. 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते, १९७६ साली. संध्याकाळी वहिनीला हे सांगितलं. ती तूर निवडत होती. म्हणाली, "मंग आमीबी दिलेच की तुले. बावीस क्विंटल."

खरं आहे. ट्रॉलीतला कापूस दादाचा आहे. खोटा कापूस भरायला पैसे नव्हते, आणि बाजारातून इतका कापूस कोण देणार? लांब धाग्याचा हमीभाव २०२४-२५ च्या या हंगामात क्विंटलला ७५२१ रुपये. म्हणजे एक लाख पासष्ट हजारांचा माल माझ्या चित्रपटासाठी तीन आठवडे विकायचा थांबलाय. आमच्या सगळ्या सामानात सर्वांत महाग वस्तू कॅमेरा नाही, ती ट्रॉली आहे. आणि ती रोज थोडी ओलावते.

२७ डिसेंबर

ढगाळ. अवकाळी आणि गारपिटीचा इशारा. चित्रीकरण बंद, सगळे ताडपत्र्या बांधायला.

३० डिसेंबर, सोमवार

ओलाव्याचा प्रसंग. यासाठी केंद्रावर आधीच परवानगी घेतली होती, खरेदी सुरू असताना एका कडेला उभं राहून.

आमच्या चित्रपटात खलनायक नाही, दव आहे. कापसात आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव. त्यावर बारापर्यंत प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात. बाराच्या वर गेला तर माल परत. रांगेत जितक्या रात्री काढाल तितकं दव पडतं. ताडपत्री झाकावी तर आतली वाफ आतच राहते, उघडावी तर दव थेट बसतं. म्हणजे थांबण्यानेच माल उतरतो. मला हेच हवं होतं: रस्त्यावर काढलेला काळ माणसाला शहाणं करत नाही, त्याच्या मालाचा भाव कमी करतो.

आबाजींना ओलावा मोजायच्या मीटरची गरज नसते. त्यांनी बाही वर केली, हात कोपरापर्यंत कापसात खुपसला आणि डोळे मिटले. किती तरी वेळ हात तिथेच. बाहेर काढला तेव्हा मनगटाच्या केसांना तंतू चिकटले होते. "वरून थंडा हाय, आतून गरम. पोरी, याले ऊन दाव." हा शॉट तसाच राहील, मध्ये कुठे कात्री नाही.

त्यानंतर आमच्या पुढच्या ट्रॉलीचा मीटर तेरावर गेला. ती ट्रॉली चित्रपटाची नव्हती, खरी होती. त्या भाऊंनी दोनदा विचारलं, पुन्हा लावून पाहता का. पुन्हा लावला, तेराच. त्यांनी काही न बोलता ट्रॅक्टर वळवायला घेतला. कॅमेरामनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांचा चेहरा माझ्या चित्रपटाला हवा तसा होता, म्हणूनच घेतला नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून बाजूच्या पडीक जागेत त्यांचा कापूस ताडपत्रीवर पसरायला मदत केली. आजचे उरलेले चार शॉट राहिले. राहू देत.

६ जानेवारी २०२५

शेवटचा दिवस. आज दादाचा कापूस खरोखरच विकायचा होता. कागद त्याच्या पिशवीत: कपाशीचा पेरा लागलेला सातबारा, आधार, पासबुक. फाटक उघडलं, ट्रॉली आत गेली आणि मी 'कट' म्हटलं. चित्रपट संपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पोरगी रडली.

कॅमेरा मात्र पुढेही चालू होता. आबाजी म्हणाले होते, एवढं केलं तर वजनाचंबी घेऊन ठेव, घरच्याईले दाखवाले. म्हणून काट्यावरची ट्रॉली, प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने बोटांत धरून ताणलेला धागा, मीटर, ढीग आणि पुन्हा रिकाम्या ट्रॉलीचं वजन, सगळं घेतलं.

ओलावा दहा. निव्वळ वजन २१ क्विंटल ४० किलो. दोन टक्के कपात म्हणजे क्विंटलमागे १५० रुपये ४२ पैसे, एकूण ३२१९ रुपये. हा ओलावा माझ्या चित्रीकरणाचा आहे. दादा नको म्हणत होता, मी बजेटच्या वहीत ओळ घातली: 'कापूस, ओल: ३२१९' आणि त्याच्या खात्यावर टाकले.

९ फेब्रुवारी

संकलन, पहिला कट ९४ मिनिटांचा. मध्ये वेग नाही म्हणून मीच घाबरले आणि पहिल्या सहा मिनिटांतले रस्त्याचे तुकडे आठवणींसारखे रांगेत पेरले. बोगदा, पऱ्हाटीची म्हणजे कपाशीची रानं, पळती झाडं. दोन दिवसांनी पाहिलं तर रांग मेली होती. प्रेक्षकाला बाहेर जायची वाट मिळाली की रांगेला वजनच राहत नाही. सगळे तुकडे काढले. ८१ मिनिटं.

२३ फेब्रुवारी

आवाज. रांग हलते तेव्हाचे चाळीस ट्रॅक्टर मी पाच वेळा ऐकवते आणि दर वेळी आधीच्यापेक्षा थोडे जवळून. पाचव्यांदा ते जवळ आले की पोटात गोळा येतो, कारण आता नंबर आपला आहे.

१६ मार्च

गावात दाखवला. समाजमंदिरात, भाड्याच्या प्रोजेक्टरवर, भिंतीला चुना मारून. दीडेकशे माणसं. पोट्टे पहिली दहा मिनिटं पडद्यावर आपला ट्रॅक्टर शोधत होते, मग शांत झाले. कापसात शिरून झोपायच्या प्रसंगाला मागून कुणी तरी हळूच म्हणालं, "असंच असते." आबाजी पहिल्या रांगेत, नवी टोपी घालून. हात खुपसण्याच्या शॉटला त्यांनी मांडीवरचा स्वतःचा हात पाहिला.

फाटक उघडलं, ट्रॉली आत गेली, पडदा काळा झाला. कुणी उठेना. टाळ्याही नाहीत. दिवे लावले तरी लोक पडद्याकडेच पाहत होते. टपरीवाल्या मावशी मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मंग? मोजला का नाई कापूस?"

मी सांगायला लागले, की ते मोकळं सोडलंय, प्रेक्षकाने ठरवायचं. मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमी काय ठरवनार बाई? ते तं काटा ठरवते." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण उत्तर मिळाल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या. दादा म्हणाला, मोजला, एकवीस चाळीस. तेव्हा कुठे सगळी सभा हलली, चपला शोधू लागली.

१७ मार्च

झोप लागली नाही. दहा नोव्हेंबरची नोंद उघडली. तिथे मी स्वतःच लिहिलंय: कुठे पोचला ते महत्त्वाचं नसतं, हा रोड मूव्हीचा कायदा. बाकी सगळे कायदे मी मोडले, हा मात्र शेवटच्या शॉटमध्ये पाळला. तीन रात्री दवात काढलेल्या माणसाला वजनाचा आकडा न सांगता घरी पाठवलं. तो आकडा त्याच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. मोकळा शेवट त्याला परवडतो ज्याच्या खात्यावर आधीच पैसे असतात.

हंगाम संपला. आता पुन्हा घ्यायला कापूसही नाही, रांगही नाही.

१९ मार्च

दुसऱ्या हार्डडिस्कवर 'घरच्यांसाठी' नावाच्या फोल्डरमध्ये सहा जानेवारीचं सगळं सापडलं. फ्रेम सरळ आहे, आवाजही आहे. ट्रॉली काट्यावर चढते, लोखंडी पाटा दबल्याचा खण्ण आवाज होतो, पोरगी ट्रॅक्टर बंद करून उतरते आणि आबाजींच्या शेजारी उभी राहते. खिडकीतला लाल आकडा वरखाली होत राहतो. स्थिर व्हायला त्याला अकरा सेकंद लागतात. मग रिकामी ट्रॉली परत येते, पुन्हा तोच आवाज, या वेळी हलका, आणि पुन्हा आकडा.

फाटकानंतरचा काळा पडदा काढला. दोन्ही वजनं पूर्ण ठेवली. ८४ मिनिटं.

दुपारी मावशींना फोन करून सांगितलं.